यंत्राची पाटी आणि कारभाऱ्याचा शब्द



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले, ते बहुधा मी कामगार चळवळीविषयी चार शब्द बोलेन या समजुतीने. मी विषय कळविला तेव्हा चिटणिसांनी फोन करून पुन्हा एकदा खात्री करून घेतली. त्यांना जे सांगितले तेच आपणांसही सांगतो. संगणकात प्रोसेसर नावाचे जे मुख्य यंत्र असते त्याला काय काय येते, ही माहिती त्यावर चालणाऱ्या प्रोग्रॅमांना कोणी आणि कशी द्यावयाची, या प्रश्नाचा साठ वर्षांचा इतिहास मला सांगावयाचा आहे. यंत्राची खरी माहिती काम करणाऱ्याच्या हाती पडते की नाही, यावर मी अर्धे आयुष्य भांडत आलो. तोच तंटा यंत्राच्या पोटातही चाललेला आहे, हे मला उशिरा कळले.

मी इंजिनियर नव्हे. दहावीनंतर शिकाऊ म्हणून कारखान्यात लागलो, लेथवर हात बसला, पुढे युनियनचे काम अंगावर आले. वाचन झाले ते रात्रीच्या एस.टी.त आणि युनियनच्या कचेरीत. तेव्हा माझ्या बोलण्यात पंडिताची सफाई सापडणार नाही, ती आपण शोधूही नये.

दोन प्रसंग आधी सांगतो. पहिला अलीकडचा. आमच्या कचेरीत एक जुना संगणक आहे. वर्गणीचा हिशेब, सभासदांची यादी, कोर्टाच्या तारखा, सारे त्याच्यावर. काही वर्षांपूर्वी हिशेबाच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती बसविली आणि तो उघडेनाच. पडद्यावर दोन इंग्रजी शब्द आले, त्यांचा अर्थ ‘अवैध आज्ञा’. ‘अवैध’ हा शब्द आम्हां युनियनवाल्यांना नवा नाही. आमचे निम्मे संप अवैधच ठरलेले आहेत. दुकानदार म्हणाला, यंत्र बाद झाले, भंगारात घाला. एका सभासदाचा मुलगा तेथे बसला होता. तो म्हणाला, “काका, यंत्राला काही झालेले नाही.” त्याने एक ओळ टंकली, तेव्हा पडद्यावर आखूड शब्दांची एक लांबलचक माळ उमटली. “या प्रोसेसरला एवढे येते. नव्या प्रोग्रॅमला एव्हीएक्स लागते, ते या यादीत नाही. प्रोग्रॅमने आधी विचारायला हवे होते. त्याने विचारलेच नाही.” मी म्हणालो, “अरे, पण विचारायचे कुणाला?” तो म्हणाला, “कर्नेलला.”

दुसरा प्रसंग जुना, मी लेथवर लागलो त्या वर्षीचा. यंत्राच्या अंगावर पितळी पाटी होती आणि तीवर स्पिंडलचे जास्तीत जास्त फेरे कोरलेले होते. आदल्या पाळीने चक बदलून मोठा बसविला होता. मोठ्या चकला तितके फेरे सोसत नाहीत. वेग वाढला की त्याच्या जबड्यांची पकड सैल होते. हे कोणी वहीत लिहिले नाही, कोणी तोंडी सांगितले नाही. माझ्या शेजारच्या गड्याने पाटी वाचून यंत्र सोडले, आणि पकडीतला जॉब सुटून आला. जीव वाचला, दोन बोटे गेली. चौकशीत पाटी खरी ठरली आणि दोष गड्याच्या माथी आला. पाटी खोटी नव्हतीच. ती यंत्राचे सामर्थ्य सांगत होती. त्या दिवशी त्या यंत्रावर काय चालेल, हे सांगणे कोणा माणसाचे काम होते, आणि त्या माणसाने ते केले नव्हते.

कर्नेलचा इतिहास वाचताना ती पितळी पाटी माझ्या डोळ्यांसमोरून हलली नाही.

कारभारी कोण?

संगणकात प्रोसेसर एक आणि त्याच्यावर काम करू इच्छिणारे प्रोग्रॅम शेकडो. त्या सर्वांना पाळीपाळीने यंत्र देणारा, त्यांची भांडणे होऊ न देणारा जो ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, तो कर्नेल. आपण त्याला कारभारी म्हणू. हा कारभारी एका सेकंदात शेकडो वेळा एका प्रोग्रॅमचे काम थांबवून दुसऱ्याला यंत्रावर उभे करतो. थांबविताना पहिल्याच्या हाती जे आकडे होते ते जसेच्या तसे उतरवून ठेवावे लागतात व त्याची पाळी पुन्हा आली की परत द्यावे लागतात. हे आकडे प्रोसेसरच्या ज्या छोट्या कप्प्यांत असतात त्यांना रजिस्टर म्हणतात. आपल्या हजेरीच्या रजिस्टराशी त्यांचा संबंध नाही. एखादा कप्पा उतरवून घ्यावयाचा राहिला, तर एकाचे आकडे दुसऱ्याच्या हिशेबात मिसळतील. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवा. पुढच्या इतिहासाची किल्ली तीच आहे.

बैलाचे दात

७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएम कंपनीने सिस्टिम/३६० ही यंत्रमालिका जाहीर केली. तोवर एकाच कंपनीच्या दोन यंत्रांची आज्ञाभाषाही पुष्कळदा निराळी असे. यंत्र बदलले की प्रोग्रॅम नव्याने लिहावा लागे. या मालिकेत लहान यंत्र आणि मोठे यंत्र एकच भाषा समजत. वेग निराळा, किंमत निराळी, भाषा एक. प्रोग्रॅमला यंत्राची चौकशी करण्याची गरजच फारशी उरू नये, असा तो करार होता. पुढे १९७० साली सिस्टिम/३७० आली, तिच्यात प्रोसेसरची ओळख सांगणारी एक आज्ञा होती. परंतु ती देण्याचा अधिकार कारभाऱ्यापुरता राखलेला होता. साध्या प्रोग्रॅमला हवे ते कारभाऱ्याकडूनच कळावयाचे.

घराघरांत पोचलेल्या संगणकांची कहाणी वेगळी. इंटेलचा ८०८६ हा प्रोसेसर १९७८ साली आला, ८०२८६ हा १९८२ साली, ८०३८६ हा १९८५ साली आणि ८०४८६ हा १९८९ साली. प्रत्येकाला मागच्यापेक्षा काही अधिक येत होते, पण ‘तू कोण’ असे विचारण्याची सोय यांपैकी पहिल्या तिघांत नव्हती. मग लोकांनी शेतकऱ्याची युक्ती केली. बाजारात बैल घेताना कोणी त्याला वय विचारीत नाही. तोंड उघडून दात पाहतात. प्रोसेसरात ‘फ्लॅग’ नावाच्या खुणांचे एक रजिस्टर असते. त्याची वरची चार घरे ८०८६ वर नेहमी १ दिसत. ८०२८६ वर आरंभीच्या साध्या अवस्थेत तीच घरे नेहमी ० दिसत. ३८६ आणि ४८६ यांत भेद करावयाचा तर अठरा क्रमांकाचे घर उलटवून पाहावयाचे; उलटले तर ४८६, हटून बसले तर ३८६. ही विद्या प्रोग्रॅम लिहिणारे एकमेकांकडून शिकत. ती चाले, पण दात पाहून वय सांगणारा कधीतरी फसतोच.

मार्च १९९३ मध्ये पेंटियम आला आणि त्याच्याबरोबर सीपीयूआयडी ही आज्ञा आली. नंतरच्या काही ४८६ मध्येही ती घालण्यात आली. आता यंत्र स्वतः बोलू लागले. पहिला प्रश्न विचारला की ते बारा अक्षरांत आपल्या घराण्याचे नाव सांगे. इंटेलचे उत्तर ‘जेन्युइन इंटेल’, म्हणजे अस्सल इंटेल. एएमडी कंपनीचे उत्तर ‘ऑथेंटिक एएमडी’. अस्सलपणाचा दावा दोघांचाही होता. दुसरा प्रश्न विचारला की कौशल्यांची यादी मिळे, एका कौशल्याला एक बिट. शून्यापासून मोजता तेविसावा बिट लागला असेल तर एमएमएक्स येते, पंचविसावा लागला असेल तर एसएसई येते. आणि हा प्रश्न कोणताही प्रोग्रॅम विचारू शकत होता, कारभाऱ्याची परवानगी लागत नव्हती. पितळी पाटी सर्वांना वाचता येऊ लागली. झगडा मिटला असेच कोणालाही वाटले असते.

येते आणि चालते

परंतु पाटीने मिटला नाही. जानेवारी १९९७ मध्ये इंटेलने एमएमएक्स आणले. चित्रे आणि ध्वनी यांची कामे झपाट्याने करण्यासाठी नव्या आज्ञा दिल्या, पण नवे कप्पे दिले नाहीत. अपूर्णांकांच्या गणितासाठी जे कप्पे आधीपासून होते त्यांतच हे काम बसविले. ते कप्पे उतरवून ठेवणे जुन्या कारभाऱ्यांना ठाऊक होते, म्हणून काहीही न बदलता एमएमएक्स चालले.

१९९९ साली पेंटियम ३ बरोबर एसएसई आले. आता १२८ बिटांचे आठ कोरे नवे कप्पे आले. जुन्या कारभाऱ्याच्या वहीत त्यांना रकानाच नव्हता. दोन प्रोग्रॅमांनी ते वापरले असते तर एकाचे आकडे दुसऱ्याच्या हिशेबात गेले असते, आणि पडद्यावर कोणतीही चूक न दिसता उत्तर मात्र चुकले असते. म्हणून असा दंडक घातला की कारभाऱ्याने प्रोसेसरच्या एका नियंत्रक कप्प्यात ‘नवे कप्पे मी सांभाळीन’ अशी खूण करावी. ती खूण होईपर्यंत या नव्या कप्प्यांना हात लावणारी आज्ञा अवैध. यंत्राला येते, पाटीवर लिहिले आहे, तरीही चालत नाही. कारण सांभाळणाऱ्याने जबाबदारी घेतलेली नाही. माझ्या शेजारच्या गड्यासाठी असा दंडक असता तर त्याची बोटे शाबूत राहिली असती.

२०११ साली एव्हीएक्स आले, कप्पे २५६ बिटांचे झाले. तोवर शहाणपण आले होते. आता प्रोग्रॅमला दोन प्रश्न विचारता येत: तुला येते का, आणि कारभाऱ्याने ते चालू केले आहे का. लिनक्सने ही तयारी २००९ सालीच केली होती. विंडोज ७ मध्ये ती फेब्रुवारी २०११ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकबरोबर आली. ज्यांनी फक्त पहिला प्रश्न विचारला त्यांचे प्रोग्रॅम सर्व्हिस पॅक नसलेल्या विंडोज ७ वर कोसळले. पाटी वाचली, माणसाला विचारले नाही.

याच वाटेवरचे शेवटचे पाऊल एएमएक्सचे. त्याच्या कप्प्यांत आठ हजारांहून अधिक बाइट मावतात. प्रत्येक प्रोग्रॅमसाठी एवढी जागा उगाच राखून ठेवणे परवडत नाही. म्हणून जानेवारी २०२२ च्या लिनक्स ५.१६ पासून असे ठरले की ज्या प्रोग्रॅमला हे हवे त्याने आधी कारभाऱ्याकडे अर्ज करावा. येथे माहिती देण्याची गोष्ट परवानगीपर्यंत येऊन पोचली.

घराण्याचे नाव

आता थोडे त्या बारा अक्षरांविषयी. एखाद्याला काम द्यावयाचे तर काय येते ते विचारावे, आडनाव विचारू नये, हे आपल्या समाजाला अजून शिकावयाचे आहे. यंत्रांच्या जगातही तसेच घडले. इंटेलच्या कंपायलरने तयार केलेले प्रोग्रॅम चालू होताना प्रोसेसरची चौकशी करीत आणि घराण्याचे नाव इंटेल नसेल तर, एसएसई येत असूनही, त्याला संथ वाटेवर घालीत. डेन्मार्कमधील आग्नेर फोग या अभ्यासकाने हे प्रकरण चिकाटीने उघडकीस आणले. व्हिया कंपनीच्या एका प्रोसेसरवर ती बारा अक्षरे बदलता येत होती. २००८ साली परीक्षकांनी त्यावर नुसते नाव बदलून ‘जेन्युइन इंटेल’ केले, तर एका प्रसिद्ध चाचणीत त्याच यंत्राचे गुण वाढले! नोव्हेंबर २००९ मध्ये इंटेलने एएमडीबरोबरचे आपले जुने दावे १.२५ अब्ज डॉलर देऊन मिटविले. २०१० साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाबरोबर जी तडजोड झाली तिच्यात कंपायलरच्या या वागणुकीची जाहीर कल्पना ग्राहकांना देण्याचे बंधन इंटेलवर आले.

यावरून एवढे दिसते की माहिती उघडी असणे पुरत नाही, ती कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून वापरली जाते हेही पाहावे लागते. अती उघडेपणाचाही एक दाखला आहे. पेंटियम ३ मध्ये प्रत्येक यंत्राला ९६ बिटांचा स्वतंत्र अनुक्रमांक दिला होता आणि तो प्रोग्रॅमांना वाचता येई. माणसाचा माग काढण्याचे ते साधन होईल म्हणून १९९९ साली अमेरिकेत मोठी ओरड झाली, आणि पुढच्या पिढीतून तो काढून टाकण्यात आला. यंत्राला काय येते हे कामकऱ्याला कळलेच पाहिजे. काम कोण करतो आहे हे मात्र जगाला कळण्याचे कारण नाही.

कारभाऱ्याची वही

आमच्या कचेरीत त्या मुलाने उघडली ती लिनक्सची सीपीयूइन्फो नावाची फाईल. ही फाईल तबकडीवर कोठेही साठविलेली नसते. कोणी वाचावयास घेतली की कर्नेल त्या क्षणी ती लिहून देतो. साध्या माणसाला वाचता यावी अशी ती वही आहे, आणि मला तिचे फार कौतुक वाटते. पण माणसासाठी लिहिलेली वही प्रोग्रॅमही वाचू लागले, तेव्हा पंचाईत झाली. तिची मांडणी निरनिराळ्या जातींच्या प्रोसेसरांवर निरनिराळी. आणि एकदा लिहिलेली ओळ पुसता येत नाही.

त्याचा एक गमतीदार दाखला. वहीत ‘बोगोमिप्स’ नावाचा एक आकडा असतो. यंत्र सुरू होताना कर्नेल थोडा वेळ रिकामे फेरे मोजून तो काढतो. वेगाचे माप म्हणून त्याला काही किंमत नाही. नावातला ‘बोगो’ हा ‘बोगस’ वरूनच आला आहे. एआरएम प्रोसेसरांच्या लिनक्समधून २०१३ साली ही निरुपयोगी ओळ काढून टाकली. झाले! काही प्रोग्रॅम नेमकी तीच ओळ शोधीत होते, ते बंद पडले. जानेवारी २०१५ मध्ये ती पूर्ववत घालावी लागली. आम्ही करारात एक फालतू कलम कधीकाळी घातले की मालकाला ते पुढच्या करारातून काढता येत नाही, त्यातलाच हा प्रकार. लिनक्सचा जुना दंडक आहे की कर्नेल बदलल्यामुळे लोकांचे चालते प्रोग्रॅम मोडता कामा नयेत. कर्नेलने एकदा सांगितले की ते नुसते वर्णन राहत नाही, तो त्याचा शब्द होतो.

प्रोग्रॅमांसाठी खरी सोय निराळी आहे. प्रोग्रॅम जन्माला येताना कर्नेल त्याच्याबरोबर एक लहानशी शिदोरी बांधून देतो. तिच्यात काही आकडे असतात. त्यांतल्या एकाचा प्रत्येक बिट म्हणजे एक कौशल्य. फाईल उघडणे नको, ओळी चाळणे नको. २०१२ साली जीलिबसी या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या ग्रंथालयाने ही शिदोरी सोडण्याची सोपी आज्ञा दिली. पुढे कौशल्ये इतकी वाढली की एका आकड्यात बसेनात, तेव्हा दुसरा जोडावा लागला.

दोन तऱ्हेचे हात

आतापर्यंत आपण असे धरून चाललो की यंत्रातले सगळे हात सारखे आहेत. ऑक्टोबर २०११ मध्ये एआरएम कंपनीने नवी रचना जाहीर केली: एकाच प्रोसेसरात काही गाभे बलवान आणि काही काटकसरी. जड काम बलवानाने करावे, हलके काटकसरी गाभ्याने, म्हणजे फोनची बॅटरी टिकेल. आज आपल्या खिशातील बहुतेक फोन या रचनेचे आहेत. कर्नेल प्रोग्रॅमला न विचारता एका गाभ्यावरून दुसऱ्यावर हलवितो, आणि येथेच जुना प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला.

२०१६ साली सॅमसंगच्या एका प्रोसेसरावर मोनो नावाच्या व्यवस्थेतील प्रोग्रॅम मधूनच कोसळू लागले. कारण शोधता सापडेना. जेथे अवैध आज्ञा म्हणून थांबत तेथे पाहावे तर आज्ञा चांगली वैध असे. अखेर उलगडा झाला. प्रोसेसरात ‘कॅश’ म्हणून एक जवळची साठवण असते (रोकड नव्हे!), तिच्या एका ओळीची लांबी बलवान गाभ्यांवर १२८ बाइट होती आणि काटकसरी गाभ्यांवर ६४. मोनो ती लांबी एकदा विचारून लक्षात ठेवी. बलवान गाभ्यावर ‘१२८’ ऐकले, मग काटकसरी गाभ्यावर जाऊन १२८ च्या ढांगा टाकीत जुन्या ओळी पुसल्या. दर दोन ओळींतली एक पुसावयाची राहिली, आणि शिळ्या आज्ञा तशाच चालविल्या गेल्या. प्रश्न बरोबर, उत्तर बरोबर, आणि तरी घात. कारण उत्तर एका हाताचे होते आणि काम दुसऱ्या हाताने झाले. त्याच वर्षाअखेर लिनक्समध्ये अशी दुरुस्ती झाली की असा विजोड असेल तेथे प्रोग्रॅमचा प्रश्न कर्नेलने मध्येच अडवावा आणि सर्व गाभ्यांवर निभेल असे एकच उत्तर द्यावे.

२०१७ च्या लिनक्स ४.११ मध्ये ही रीत एआरएमवर व्यापक झाली. ओळखीचे कप्पे साध्या प्रोग्रॅमला वाचता येत नाहीत. त्याने वाचू पाहिले की कर्नेल आपल्या हाताने उत्तर भरून देतो, आणि ते उत्तर म्हणजे सर्व गाभ्यांना जेवढे येते तेवढेच. मोठ्या संगणक-केंद्रांतही हेच चालते. तेथे चालते काम एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलवावयाचे असते. म्हणून वरचा व्यवस्थापक सीपीयूआयडीचे उत्तर स्वतःकडे घेतो आणि दोन्ही यंत्रांना समान तेवढेच दाखवितो. बलवानाची थोडी शक्ती वाया जाते खरी, पण दिलेला शब्द कोठेही खोटा पडत नाही.

शब्द खोटा पडला की काय होते तेही पाहा. २०१८ च्या सॅमसंग एस ९ प्लस फोनवर कर्नेल सांगे की अणुवत् अदलाबदलीच्या नव्या आज्ञा येतात. त्या सगळ्या गाभ्यांना येत नव्हत्या. गो भाषेतले प्रोग्रॅम त्या शब्दावर विसंबले आणि ज्या गाभ्याला येत नव्हते तेथे कोसळले. गोच्या कर्त्यांनी मग काय केले? अँड्रॉइडच्या साऱ्याच फोनांवर त्या वेगवान आज्ञा वापरणे बंद केले. एका कारभाऱ्याने शब्द मोडला आणि ज्यांचा कारभारी खरे बोलत होता त्यांचीही मजुरी कापली गेली.

इंटेललाही हा प्रश्न चुकला नाही. २०२१ च्या शेवटी आलेल्या बाराव्या पिढीच्या प्रोसेसरांत बलवान गाभ्यांना एव्हीएक्स-५१२ करण्याची क्षमता होती, काटकसरी गाभ्यांना नव्हती. कंपनीने ते कौशल्य अधिकृतपणे बंदच ठेवले. काही मदरबोर्डांवर ते मागच्या दाराने चालू करता येई, ती वाटही पुढे बुजविली.

नवी रीत

२०१० साली अमेरिकेत बर्कले विद्यापीठात रिस्क-फाइव्ह या आज्ञाभाषेचा आरंभ झाला. ती कोणाच्या मालकीची नाही. कोणीही तिच्यावर प्रोसेसर बांधावा. आपल्याकडे मद्रासच्या आयआयटीने ‘शक्ती’ आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने ‘वेगा’ हे प्रोसेसर याच भाषेवर बांधले आहेत. जेथे बांधणारे अनेक तेथे कौशल्यांचे मेळही अनेक. शिदोरीतले बिट पुरणार कसे? म्हणून २०२३ च्या लिनक्स ६.४ मध्ये निराळी रीत आली. प्रोग्रॅमने प्रश्नांची यादी द्यावी, कोणत्या गाभ्यांविषयी विचारतो तेही सांगावे, आणि कर्नेलने एकेका प्रश्नापुढे उत्तर लिहून द्यावे. त्यात एक प्रश्न असा आहे की अमुक तऱ्हेने आकडे वाचले तर काम झपाट्याने होते की रखडते. येते की नाही एवढ्यावर न थांबता, आले तरी परवडते का, हेही विचारण्याची सोय झाली.

दुसरीकडे श्रेणी पाडण्याचा उद्योगही झाला. एएमडी, इंटेल, रेड हॅट आणि सुसे यांनी मिळून २०२० साली पेंटियमच्या वंशातील ६४ बिटांच्या प्रोसेसरांच्या चार पायऱ्या ठरविल्या. रेड हॅटच्या २०२२ च्या आवृत्तीला दुसरी पायरी लागते, २०२५ च्या आवृत्तीला तिसरी. श्रेणीने व्यवहार सोपा होतो हे मी वेतनकरारांवरून जाणतो. परंतु श्रेणी आली की एखाद्या कौशल्यापायी चांगला माणूस खालच्या पायरीवर राहतो, हेही जाणतो. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र विचारणे कष्टाचे, आणि पायरी पाहून हाकलणे सोपे. भंगाराचे ढीग त्या सोपेपणातून वाढतात.

समारोप

इतिहास येथे संपवितो. त्यातून मला जे दिसले ते थोडक्यात असे. यंत्राची पाटी वेगळी आणि कारभाऱ्याचा शब्द वेगळा. पाटी सांगते, बनविणाऱ्याने काय बनविले. कारभारी सांगतो ते असे असले पाहिजे की सर्व हातांवर, सर्व पाळ्यांत ते निभेल. आणि त्याने एकदा सांगितले की लोक त्यावर आपले काम उभे करतात. कमी सांगितले तर शक्ती वाया जाते, जास्त सांगितले तर बोटे जातात.

आणखी एक. कारभाऱ्याने दोषही सांगितला पाहिजे. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळ घडले. त्यानंतर १९८७ साली तेव्हाच्या कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कामातील धोक्यांची माहिती कामगारांना देण्याचे बंधन मालकावर आले. हजारो माणसे गेल्यावर ते कलम आले. जानेवारी २०१८ मध्ये जगातील बहुतेक प्रोसेसरांत मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे दोष असल्याचे जाहीर झाले, तेव्हा लिनक्सच्या कर्नेलने त्याच महिन्यात प्रत्येक दोषाच्या नावाची एक फाईल ठेवली. ती उघडली की सरळ उत्तर मिळते: या यंत्राला बाधा नाही, किंवा बाधा आहे, किंवा अमुक उपाय योजला आहे. कोणालाही वाचता येते. अशा पाट्या आमच्या कारखान्यांच्या भिंतींवर लागाव्यात म्हणून आम्ही वर्षानुवर्षे अर्ज केले आहेत.

आमच्या कचेरीतला संगणक अजून चालतो. त्या मुलाने हिशेबाच्या प्रोग्रॅमची एव्हीएक्स न मागणारी प्रत तयार करून दिली. त्याला एक संध्याकाळ लागली आणि दोन कप चहा. यंदाच्या वर्गणीच्या पावत्या त्याच यंत्रावर निघाल्या आहेत. चक उडाला तो लेथ मात्र कधीच भंगारात गेला. जाण्यापूर्वी त्याची पितळी पाटी मी मागून घेतली. ती कचेरीत माझ्या टेबलावर असते. नवा कार्यकर्ता आला की मी ती त्याच्या हातात देतो आणि विचारतो, हीत काय लिहिलेले नाही ते सांग.